या चुका टाळा: स्वस्तातली सिनेमा कॅमेरा रिग बांधताना

नवीन पोरं रिग, म्हणजे कॅमेरा आणि त्याला जोडायचं सगळं सामान, बांधायला बसली की पहिली खरेदी होते केजची, कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या चौकटीची. मग टॉप हँडल, लाकडी साइड ग्रिप, लेन्सवर ऊन येऊ न देणारा मॅट बॉक्स. स्टेटसला फोटो टाकण्याइतकी रिग तयार होते तोवर पैसे संपलेले असतात. बॅटरी, केबल आणि एसएसडीचा (रेकॉर्डिंग साठवणारी ड्राइव्ह) क्लॅम्प यांचा नंबर लागतच नाही. कामाचे पैसे घेणार असाल तर क्रम उलटा ठेवा: आधी पॉवर, मग केबल, मग एनडी फिल्टर (लेन्सपुढची प्रकाश कमी करणारी काच) आणि उरलेल्या पैशांत केज.

मी ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के धरून बोलतोय. २०१८ साली आलेला हा कॅमेरा आता सेकंडहँड मिळतो आणि बरेच जण त्यावरच सुरुवात करतात. त्यात कॅननची एलपी-ई६ बॅटरी बसते. ती तासभर चालते असं कंपनी सांगते, कामावर पाऊण तास धरा. म्हणून लोक व्ही-माउंट, म्हणजे बाहेरून जोडायची मोठी बॅटरी, घेतात, ते बरोबरच आहे. चूक होते ती स्वस्तातली डमी बॅटरी, म्हणजे एलपी-ई६च्या जागी बसणारं वायरचं खोकं, लावताना. डमीतून कॅमेऱ्याला सात-आठ व्होल्टच जायला हवेत आणि पूर्ण चार्ज झालेली व्ही-माउंट १६.८ व्होल्टपर्यंत देते. मधे व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर नसेल तर कॅमेरा जळू शकतो. कॅमेऱ्याच्या बाजूला १२ ते २० व्होल्ट घेणारं, लॉक होणारं दोन पिनांचं सॉकेट आहे. व्ही-माउंटवरच्या डी-टॅप सॉकेटपासून तिथपर्यंत एक चांगली केबल घ्या, डमीची गरजच उरत नाही. डी-टॅपचा हलका प्लग जोर लावला की उलटाही बसतो आणि प्लस-मायनस बदलतात. मी माझ्या प्रत्येक प्लगवर पांढऱ्या मार्करची रेघ मारून ठेवतो. अंधाऱ्या हॉलमध्ये घाईत तीच रेघ दिसते.

आता एसएसडी. या एका गोष्टीवर मी प्रत्येक नवीन मुलाशी भांडतो.

एका लग्नात मी दुसऱ्या कॅमेऱ्यावर होतो. मुख्य कॅमेरा एका हुशार, पण फार घाईच्या मुलाकडे. रिग देखणी होती, पण एसएसडी केजखाली वेलक्रोनं चिकटवलेली आणि हातभर लांब यूएसबी-सी केबल बाहेर लोंबत होती. मुहूर्ताआधी मी त्याला म्हटलं, "अरे, ती केबल टेपनं तरी बांध." तो म्हणाला, "दादा, दोन वेळा वापरलंय असंच, काही होत नाही." अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, स्टेजवर नेहमीची रेटारेटी. कुणाच्या तरी शालूचा पदर केबलला अडकला आणि कनेक्टर जरासा, नखाएवढा बाहेर आला. रेकॉर्डिंग थांबलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ते दिसत होतं, पण हा बघत होता वर लावलेला पाच इंची मॉनिटर आणि त्यावर एचडीएमआयचा क्लीन फीड चालू होता. ना टाइमकोड, ना लाल खूण. चित्र मात्र व्यवस्थित हलत होतं. "शुभमंगल सावधान", अक्षता, हार, सगळं त्यानं मन लावून फ्रेम केलं आणि त्यातलं काहीच नोंदलं गेलं नाही. संध्याकाळी फाइल उघडली तर क्लिप मंगलाष्टकांतच संपलेली. माझा अँगल नवरीच्या पाठीमागचा होता, त्यावरच तो प्रसंग कापावा लागला. नवरीच्या आईचा चेहरा आमच्याकडे कुठेच नाही.

म्हणून माझे नियम ठरलेले आहेत. केबल वीतभरच. कनेक्टर केजला क्लॅम्पनं घट्ट धरलेला. मॉनिटरवर स्टेटस टेक्स्ट चालू, मग चित्र थोडं झाकलं गेलं तरी चालेल. एसएसडीसाठी एक्सफॅटपेक्षा मी मॅकचा ओएस एक्स एक्स्टेंडेड फॉरमॅट घेतो. त्यात जर्नलिंग, म्हणजे डिस्कवरच्या बदलांची नोंद, असतं, त्यामुळे अचानक कनेक्शन तुटलं तर फाइल वाचण्याची शक्यता जास्त. मेनूत "फ्रेम ड्रॉप झाल्यास" हा पर्याय आहे, तिथे लग्नाच्या कामाला अलर्ट ठेवा, रेकॉर्डिंग थांबवणारा स्टॉप नको. चार फ्रेम गेल्या तर एडिटमध्ये झाकता येतात. एसएसडीचा वेगही तपासा: ४के डीसीआयमध्ये (४०९६ × २१६०) ब्लॅकमॅजिक रॉ हा कॅमेऱ्याचा फॉरमॅट ५:१ कॉम्प्रेशनवर, ३० फ्रेमला, सेकंदाला ८० एमबीच्या आसपास लिहितो आणि तो वेग तासभर टिकायला हवा.

एनडी फिल्टरवर पैसे वाचवू नका. बाहेर कडक उन्हात, आयएसओ ४००, शटर १/५० आणि एफ/२.८ ठेवायचं असेल तर सुमारे आठ स्टॉप कापावे लागतात (एक स्टॉप कापला की प्रकाश निम्मा). पाच स्टॉपपर्यंत जाणारा व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त करायचा) एनडी घेतला तर एफ/८ वर थांबाल आणि मागचा मंडप चेहऱ्याइतकाच स्पष्ट दिसेल. स्वस्त व्हेरिएबल एनडी शेवटपर्यंत फिरवला की वाइड लेन्सवर आडवी-तिडवी काळी फुली येते. एनडीबरोबर आयआर (इन्फ्रारेड) कापणारा फिल्टर नसेल तर नवरदेवाचा काळा सूट तपकिरी दिसतो. तो ग्रेडिंगमध्ये सुधारत बसण्यात रात्र जाते.

फ्लिकर, म्हणजे दिव्यांचं लुकलुकणं: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. २५ फ्रेमला १८० अंश शटर ठेवा, २४ हवेच असतील तर १७२.८; दोन्हीत शटर १/५० सेकंदच होतं.

मॉनिटर किंवा हँडल एकाच पाव इंची स्क्रूवर लटकवू नका, ते फिरतंच. फिरू न देणारी लोकेटिंग पिन असलेलं घ्या, नाहीतर दोन स्क्रू लावा. ॲलन की केजलाच चिकटलेली असू द्या.

खांद्यावर घेणार असाल तर व्ही-माउंट मागे, १५ मिमी रॉडवर. पुढे लेन्स, मॅट बॉक्स आणि बॅटरीही पुढेच, असं ओझं घेऊन दुपारपर्यंत मनगट टिकत नाही.

बॅटरी किती तास पुरेल याचा हिशेब घरी कागदावर करा. कॅमेरा, मॉनिटर, एसएसडी मिळून तीसेक वॅट धरले तर ९८ वॅट-अवरची बॅटरी तीन तास देते. दिवसभराच्या कामाला अशा तीन हव्यात, शिवाय चार्जर सोबत. विमानानं जायचं असेल तर १०० वॅट-अवरच्या आतल्याच घ्या. सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, टर्मिनल टेपनं झाकून हातातल्या बॅगेत ठेवा.