घरातली जुनी इलेक्ट्रिक गिटार नेमकी कोणती?

आजोबा किंवा काका सोलापूरच्या एखाद्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे आणि त्यांची गिटार आता माळ्यावरून खाली आली असेल, तर आधी पॉलिशला देऊ नका. मूळ रंग गेला की किंमतही जाते.

नाव नीट वाचा. गिवसन ही कोलकात्याची, गिब्सन अमेरिकेची. घाईत हमखास गल्लत होते. पण नुसत्या नावावर विसंबू नका, स्टिकर कुणीही चिकटवतं. खरा पुरावा आत असतो. प्लग काढून, तारा सैल करून पिकगार्ड (पुढच्या बाजूची पातळ पट्टी) किंवा मागचं झाकण उघडा आणि व्हॉल्यूमच्या पॉटवरचा, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या धातूच्या डबीवरचा, आकडा टॉर्च लावून वाचा. अमेरिकी पॉटवर १३७६६३२ असेल, तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल, ३२ म्हणजे बत्तिसावा आठवडा. सुरुवातीला ३०४ असेल, तर स्टॅकपोल कंपनी. पॉट मूळचा असेल तर गिटार त्याआधीची नसते, नंतरची असू शकते. वायरींच्या जोडावरचं सोल्डर नवं, चकचकीत दिसलं तर पॉट बदलल्याची शंका घ्या.

अमेरिकी फेंडर गिटारसारखी स्क्रूने बसवलेली मान असेल, तर तिच्या टाचेवर (गिटारच्या धडात बसणाऱ्या टोकावर) अनेकदा तारीख सापडते. मान मात्र जाणत्या कारागिराकडूनच उघडून घ्या. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात गिटार पत्र्याखाली ठेवू नका, लाकूड वाळून मान वाकते.