टॉरेंट जोडलं जात नाही? राउटर उचकटण्याआधी या चुका टाळा

आठवड्याला एखादा तरी फोन येतो. "अरे, टॉरेंट चालत नाहीये. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडलाय, फायरवॉल बंद केलंय, अँटिव्हायरस काढून टाकलाय, तरी तसंच." माझा प्रश्न ठरलेला: एवढी मोडतोड करायच्या आधी तपासलंस काय? पलीकडे शांतता.

टॉरेंट म्हणजे लोकांनी फाइल तुकड्यातुकड्यांनी थेट एकमेकांना वाटणं. त्यासाठी मी क्यूबिटटोरेंट हे सॉफ्टवेअर वापरतो, म्हणून उदाहरणं त्यातली. बाकीच्यांत सेटिंग तेच असतं, फक्त जागा वेगळी.

पहिलं काम, उबुंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचं टॉरेंट लावून बघा. त्याला वाटणारे कायम भरपूर असतात. ते धावलं तर तुमचं कनेक्शन बहुधा ठणठणीत आहे आणि तुम्हाला हवी ती फाइल वाटायला बहुतेक आज कुणी बसलेलंच नाही. तिथे राउटर बिचारा काय करणार? ही दोन मिनिटांची चाचणी कुणी करत नाही, कारण राउटरच्या पानात शिरलं की काहीतरी मोठं केल्यासारखं वाटतं.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: सीजीनॅटच्या, म्हणजे पुरवठादाराच्या सामायिक पत्त्याच्या, आत बसून पोर्ट उघडत राहणं. ही मी स्वतः केली आहे, म्हणून हक्काने सांगतो.

सांगलीला मामाने आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. सगळं मिळून चाळीस जीबी. नाशिकला मावशीकडे पाठवायचं होतं. मामा म्हणाला, पेनड्राइव्ह कुरिअर करतो. मी शहाणा! म्हटलं, टॉरेंट बनवू. बनवलं, मावसभावाला धाडलं. दोन्हीकडे ट्रॅकर (कोण वाटतंय ते सांगणारा सर्व्हर) हिरवा, पीअरच्या म्हणजे वाटणाऱ्या-घेणाऱ्यांच्या यादीत एकमेकांचे पत्ते क्षणभर दिसायचे आणि गायब. शून्य टक्के. खाली स्टेटस पट्टीवर ती पिवळी ज्योत, म्हणजे बाहेरून कुणीही आत येऊ शकत नाहीये.

दोन संध्याकाळी मी मामाच्या राउटरशी झुंजलो. पोर्ट बदलला, टीसीपी-यूडीपी दोन्ही प्रकार लावले, राउटर रीसेट केला, त्यात मामीच्या फोनचं वायफाय गेलं ते वेगळंच. पोर्ट तपासणारी साइट एकच पाढा वाचत होती: बंद, बंद, बंद. शेवटी वैतागून राउटरचं स्टेटसचं पान उघडलं. वॅन आयपी, म्हणजे राउटरला पुरवठादाराकडून मिळालेला पत्ता, १००.७२ ने सुरू होत होता. ब्राउझरमध्ये स्वतःचा आयपी शोधला तर तो भलताच. संपलं.

१००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते २०१२ पासून याच कामासाठी, म्हणजे सीजीनॅटसाठी, राखून ठेवलेत. इंटरनेट पुरवणारा एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं बसवतो. वाड्यासारखंच. तुम्ही आपल्या खोलीची कडी काढून बसलात, पण खालच्या दिंडी दरवाजाला कुलूप आहे आणि किल्ली मालकाकडे. तुमचा राउटर म्हणजे खोलीची कडी. काही पुरवठादार १००च्या जागी १० ने सुरू होणारा पत्ता देतात. दुखणं तेच.

खरं तर दोघांपैकी एकाचं दार उघडं असलं तरी पुरतं, दुसरा बाहेर पडून त्याच्याकडे जातो. पण इथे सांगली आणि नाशिक, दोघेही कुलपाआड. अशा दोघांना भिंतीतून वाट काढून देण्याची सोय टॉरेंटमध्ये आहे, पण त्यासाठी दोघांशीही जोडलेला तिसरा लागतो. दोघांच्याच टॉरेंटमध्ये तिसरा कुठून आणणार? मग मीच तिसरा झालो. पुण्यात माझ्याकडे पैसे मोजून घेतलेला स्टॅटिक आयपी, म्हणजे एकट्या माझा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता आहे. घरचं मशीन चालू ठेवलं, आधी माझ्याकडे आलं, माझ्याकडून नाशिकला गेलं. मामाचा अपलोड दहा एमबीपीएस. चाळीस जीबीला नऊ तास, तेही मध्ये वीज गेली नाही तर. कुरिअर दुसऱ्या दिवशी पोचलं असतं हे मामाने तीनदा ऐकवलं.

तुमचीही हीच गत असेल तर पुरवठादाराकडे स्टॅटिक आयपी मागा. किंवा दोन्ही टोकांना आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) आहे का बघा. तिथे ही दिंडी नसते, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये तो पोर्ट सोडावा लागतो.

दुसरी चूक त्यामानाने गरीब, पण फोन हिचेच जास्त. "काल चालत होतं, आज नाही." तुम्ही पोर्ट पाठवला १९२.१६८.१.५ कडे. रात्री वीज गेली, राउटर पुन्हा उठला आणि त्याने कॉम्प्युटरला १९२.१६८.१.९ देऊन टाकला. पोर्ट अजून ५ च्याच दारात उभा, आणि ५ वर आता टीव्ही. राउटरमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्वेशन असतं, तिथे कॉम्प्युटरचा पत्ता एकदाच बांधून टाका. लॅपटॉप कधी केबलवर, कधी वायफायवर असेल तर दोन्हीचे मॅक अ‍ॅड्रेस (ज्यावरून राउटर यंत्र ओळखतो तो क्रमांक) वेगळे, हे ध्यानात ठेवा. मी सरळ केबलवरच ठेवतो. काही सॉफ्टवेअर दर वेळी उघडताना नवा पोर्ट घेतात. तो पर्याय आधी बंद करा.

पोर्ट तपासताना टॉरेंट सॉफ्टवेअर चालू हवं. बंद ठेवून तपासलं तर साइट 'बंद'च सांगणार. हसू नका, इंजिनिअर लोकांनी हे केलंय.

फायरवॉल अख्खं बंद करू नका. विंडोज पहिल्यांदा विचारतं तेव्हा घाईत 'कॅन्सल' दाबलेलं असतं. फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत जाऊन क्यूबिटटोरेंटला परवानगी द्या, काम झालं.

आणि डीएमझेड, म्हणजे बाहेरून येणारं सगळंच एका कॉम्प्युटरकडे सोडणारं राउटरचं सेटिंग! व्हिडिओ बघून कॉम्प्युटर डीएमझेडमध्ये टाकणाऱ्यांना काय म्हणावं? एका पाहुण्यासाठी घराची भिंत पाडण्यातला प्रकार. सीजीनॅट असेल तर तरीही पाहुणा येत नाही.

शंभर ट्रॅकरची यादी चिकटवणं: वाटणारा नसेल तर शंभर ठिकाणी विचारूनही नसतोच.

अपलोड मर्यादा एक केबी ठेवणं: हा कद्रूपणा तुमच्याच डाउनलोडवर उलटतो. मी एकूण अपलोडच्या सत्तर-ऐंशी टक्के ठेवतो. पूर्ण मोकळं सोडलं तर घरातल्यांचे व्हिडिओ कॉल अडकतात आणि बोलणी मला बसतात.

'पन्नासचा प्लॅन आहे आणि सहाच येतंय': ते सहा मेगाबाइट आहेत, प्लॅन पन्नास मेगाबिटचा. आठने भागा.

एवढं करूनही अडलंच तर फोन करा, पण दोन पत्ते लिहून घेऊन: राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी आणि ब्राउझरमध्ये दिसणारा आयपी. ते नसतील तर मी फोनवर पहिली पाच मिनिटं तेच शोधायला लावणार आहे.