चालत्या मॉडेलचे प्रमाण ठरवताना या चुका टाळा

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी शेतीयंत्राचे चालते मॉडेल बनवणारे विद्यार्थी बहुधा सर्वांत आधी एकच आकडा ठरवून येतात: एकास तीन, एकास पाच किंवा एकास दहा. तो कसा ठरला असे विचारले, तर मॉडेल टेबलावर मावावे किंवा पत्रा कमी लागावा, असे उत्तर मिळते. मांडून ठेवण्याच्या मॉडेलला ही कारणे पुरतात. चालवून पाहण्याच्या मॉडेलला ती पुरत नाहीत, कारण लांबी तिसऱ्या हिश्श्यावर आणली की क्षेत्रफळ नवव्या आणि वजन सत्ताविसाव्या हिश्श्यावर येते, आणि ज्या मालावर यंत्राने काम करायचे तो माल होता तेवढाच राहतो.

माल लहान होत नाही हे विसरणे, ही मला सर्वांत जास्त खटकणारी चूक आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये एका गटाने भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र एकास तीन प्रमाणात बनवले. मूळ यंत्राचा ड्रम ४५ सेंटीमीटर व्यासाचा आणि मिनिटाला २०० फेरे घेणारा होता. मॉडेलचा ड्रम १५ सेंटीमीटरचा झाला. ड्रम आणि जाळी यांच्यातली फटही त्यांनी तिसरा हिस्सा केली होती, त्यामुळे एकही शेंग आत शिरली नाही. फट मूळ मापाची केल्यावर शेंगा आत गेल्या, पण बऱ्याचशा न फुटताच फिरत राहिल्या, कारण फेरे तेवढेच ठेवून व्यास तिसरा हिस्सा केला की ड्रमच्या परिघावरचा वेग सेकंदाला ४.७ मीटरवरून १.६ मीटरवर येतो. मग पुली बदलून फेरे ६०० केले. वेग जुळला, पण त्रिज्या लहान असल्यामुळे शेंगेला जाळीवर दाबणारे त्वरण मूळ यंत्राच्या तिप्पट झाले, आणि जाळीखाली दाण्यांचे तुकडे पडू लागले. टरफले उडवणाऱ्या पंख्याचा वेग त्यांनी प्रमाणात कमी केला होता; टरफल किती वाऱ्याने उडेल हे टरफलाच्या वजनावर आणि आकारावर ठरते, त्यामुळे वारा मूळ यंत्राइतकाच जोरदार लागतो. यंत्राची रचना चांगली होती, तरी परीक्षकांना ती सदोष वाटली, याचे मला आजही वाईट वाटते.

अशा यंत्रासाठी मी सर्व मापे कमी करत नाही, यंत्राचा पूर्ण मापाचा काप घेतो. ड्रमचा व्यास, फट, जाळीची भोके आणि फेरे मूळचेच ठेवायचे आणि रुंदी तेवढी ९० सेंटीमीटरवरून २० सेंटीमीटरवर आणायची. शेंगा फोडण्यासाठी लागणारी शक्ती साधारण रुंदीच्याच प्रमाणात कमी होते, म्हणून लहान मोटर चालते. शेंगेच्या लांबीच्या पाच-सहा पटींपेक्षा रुंदी कमी करू नये, नाहीतर बाजूच्या पत्र्यांशी होणारे घर्षणच मोजले जाते. असे मॉडेल अवजड होते आणि दिसायला गोंडस नसते, पण त्यावर मिळालेला आकडा मोठ्या यंत्राला लावता येतो.

दुसरी चूक मजबुतीची आहे. एकास पाच प्रमाणातली चौकट स्वतःच्या वजनाने वाकली नाही, म्हणजे मोठीही वाकणार नाही, असे गृहीत धरले जाते. पोलाद तेच असेल, तर स्वतःच्या वजनाने येणारा ताण लांबीच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे मोठ्या चौकटीत तो पाचपट असतो. वरून ठेवण्याच्या भाराचेही असेच आहे. मूळ चौकटीवर ५०० किलो येणार असतील, तर विद्यार्थी घनाच्या हिशेबाने मॉडेलवर ४ किलो ठेवतात. मूळ इतका ताण आणायचा तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने २० किलो ठेवावे लागतात. मी वाळूच्या पिशव्या टांगतो आणि चौकटीच्या स्वतःच्या वजनाची तूटही त्यातच भरून काढतो. इंग्रज अभियंते जॉन स्मीटन यांनी पाणचक्क्यांच्या मॉडेलवरचे प्रयोग १७५९ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले, तेव्हाच मॉडेल मोठ्या यंत्राहून कुठे वेगळे वागते हे ओळखण्याची गरज त्यांनी सांगितली होती. इतकी जुनी गोष्ट प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत कोणी काढत नाही, याची मला खंत वाटते.

पाण्याच्या मॉडेलमध्ये पंप निवडताना घात होतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या सांडव्यांची मॉडेल्स ज्या फ्राउड नियमाने (पाण्याचा वेग आणि गुरुत्वाकर्षण यांचा मेळ राखणाऱ्या नियमाने) केली जातात, त्यानुसार एकास पंचवीस प्रमाणात वेग पाचवा हिस्सा आणि विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, ३१२५ वा हिस्सा होतो; पंप त्या हिशेबाने घ्यायचा. सांडव्याच्या माथ्यावरून जाणारा पाण्याचा थर काही मिलिमीटरचाच उरत असेल, तर पृष्ठताण वरचढ होतो; तेव्हा प्रमाण मोठे घ्यावे.

बाजारातले भाग प्रमाण मानत नाहीत. १.२ मिलिमीटरचा पत्रा एकास पाच केला की ०.२४ मिलिमीटर होतो आणि नेहमीच्या आर्क वेल्डिंगमध्ये जळून भोक पडते. म्हणून बेअरिंग, मोटर आणि पत्रा आधी ठरवावेत आणि प्रमाण त्यांच्यावरून काढावे. मोटर शेवटी घेऊ म्हणणाऱ्या गटाचे रेखाचित्र मी परत पाठवतो.

थ्री-डी प्रिंटरवर भाग काढायचे असतील, तर संगणकावर संपूर्ण जोडणी एकाच टक्केवारीने लहान करण्याचा सोपा मार्ग घेऊ नये. शाफ्ट आणि भोक यांच्यातली ०.३ मिलिमीटरची मोकळीक एकास तीनला ०.१ होते आणि शाफ्ट अडकतो. जी मापे कमी करायची नाहीत, ती मी रेखाचित्रावर लाल शाईने चौकोनात लिहायला लावतो, आणि तो कागद वेल्डरच्या हातात पडण्यापूर्वी गटातल्या प्रत्येकाची सही घेतो.