दुरुस्तीपूर्वीची नोंद : माळवदी वाडा कसा मोजावा

सोलापूरचा भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे त्याची नोंद सरकारी दप्तरी राहते. पेठांमधील माळवदी, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, वाड्यांना असा आधार नाही. वाडा उतरवला की त्याची रचना कायमची जाते. म्हणून अभ्यासकांनी नोंदीला सुरुवात अशा वाड्यापासूनच करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

प्रथम मालकाची लेखी संमती घ्यावी आणि नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक व नकाशाची प्रत मिळवावी. त्यातून मिळकतीची हद्द कळते. वास्तूची आतील रचना मात्र आपल्यालाच मोजावी लागते.

मोजणीला तिघे असावेत : एकाने टेपचे टोक धरावे, दुसऱ्याने आकडा मोठ्याने वाचावा आणि तिसऱ्याने तो उच्चारून लिहावा. आधी प्रत्येक मजल्याचा कच्चा आराखडा काढून ओसरी, चौक, माजघर अशा सर्व जागांना क्रमांक द्यावेत. भिंतीवरील दारे, कोनाडे आणि देवळ्या सुट्या सुट्या मोजू नयेत. टेपचा शून्य एका कोपऱ्यात पक्का ठेवून प्रत्येक कडेचे अंतर तेथूनच वाचावे, म्हणजे लहान चुकांची बेरीज होत नाही. खोलीचे दोन्ही कर्ण मोजलेच पाहिजेत. जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात आणि केवळ चार बाजूंवरून खोलीचा खरा आकार ठरत नाही. उंचीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून सर्व भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा कराव्यात, पण त्या चिकटपट्टीच्या लहान तुकड्यावर, गिलाव्यावर नव्हे. मापे मीटरमध्ये लिहिली तरी वाडा किती खणांचा (खण म्हणजे दोन खांबांमधील गाळा) आहे हेही नोंदवावे, कारण सुताराने तो खणांच्या हिशेबानेच उभा केलेला असतो.

माळवदाला अधिक वेळ द्यावा. खांब, तुळया, तुळयांवर आडव्या टाकलेल्या कड्या, त्यांवरील फळ्या आणि मातीचा थर यांचा उभा छेद काढावा. जेथे कड ढासळून थर आपोआप उघडा पडला असेल तेथे त्याची जाडी मोजावी, पाहण्यासाठी उकरू नये. गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीने तुळयांवरील भार वाढलेला असतो, त्यामुळे हे माप दुरुस्ती करणाऱ्याला फार उपयोगी पडते. वाळवी लागलेल्या किंवा वाकलेल्या तुळया खालून तपासल्याशिवाय माळवदावर कोणीही चढू नये.

छायाचित्रे दुरून जवळ या क्रमाने घ्यावीत, प्रत्येकात मोजपट्टी ठेवावी आणि छायाचित्राचा क्रमांक, दिशा व तारीख वहीत लिहावी. संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करायची असल्यास लगतच्या छायाचित्रांत ६० ते ८० टक्के भाग सामाईक हवा. कोरीवकाम आणि शिलालेख बाजूने तिरका प्रकाश पाडून टिपावेत. जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल येथील शके ९४० मधील मराठी लेखासारख्या ठेव्यावर अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा तेल लावणे हा अक्षम्य अपराध आहे.

हानीचा नकाशा वेगळ्या कागदावर असावा. तडा कोठे सुरू होतो, कोठे संपतो आणि किती रुंद आहे, लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीत येणारा क्षार, किती उंचीपर्यंत चढला आहे, पन्हळीखाली ओल आहे का, हे तारखेसह लिहावे. चुन्याच्या गिलाव्यावर नंतर सिमेंट चढवले असेल तर त्याची सीमा आवर्जून दाखवावी, कारण सिमेंटमुळे ओल आत कोंडते आणि लोणा शेजारच्या भागात सरकतो.

प्रत्यक्ष पाहिलेले, घरच्यांनी सांगितलेले आणि आपण अनुमानाने ठरवलेले असे तीन रकाने शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत. विणकर कुटुंबाच्या घरात जमिनीचा एखादा चौकोन वेगळ्या फरशीने भरलेला दिसला, तर ‘वेगळी फरशी’ हे पहिल्या रकान्यात जाईल. तेथे खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग) होता असे घरातील आजींनी सांगितले, तर ते दुसऱ्या रकान्यात, त्यांच्या संमतीने व तारखेसह लिहावे. पुढे दुरुस्ती करणाऱ्याला कशावर कितपत विसंबावे, हे त्यावरूनच ठरवता येते.

मोजणीची मूळ वही घरी नेऊन स्वच्छ उतरवली तरी फेकू नये. आराखडे त्याच आठवड्यात काढावेत, म्हणजे राहिलेले माप पुन्हा जाऊन घेता येते. नोंदीचा एक संच मालकाकडे द्यावा, दुसरा स्थानिक ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात ठेवावा, आणि तिजोरी किंवा देवघरातील मौल्यवान वस्तूंची छायाचित्रे मात्र फक्त मालकाच्या संचात असू द्यावीत.