साखरेची वाळू कशी करायची

सुट्टीत पोरांना गुंतवायला जिभेला फसवणारा हा चवीचा खेळ मस्त. मी शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हा जिभेच्या धड्याच्या आधी हेच करून घ्यायचे.

जिभेच्या शेंड्याला गोड, मागे कडू असं चित्र डोक्यात असेल तर आधी ते पुसा. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने जागोजागचे फरक मोजले, ते किंचितच होते; पुढे पुस्तकांनी त्याच्या वाटण्या करून टाकल्या. जीभ बाहेर काढून फडक्याने टिपा. मिठाचं पाणी कापसाच्या काडीने शेंड्याला लावा, मग कडेला, मग मागे. जीभ आत घ्यायची नाही, नाहीतर लाळेबरोबर मीठ पसरतं. सगळीकडे खारटच लागेल.

आता नाक घट्ट दाबून बडीशेप चावा. जरासा गोडसर चोथा, बस्स. नाक सोडलं की बडीशेप एकदम ‘येते’! चावताना सुटलेला वास घशामागून नाकात चढतो आणि मेंदू त्याची चवीशी अशी मोट बांधतो, की सगळं तोंडातच घडलंय असं वाटतं. घरात कुणाला सर्दी असली आणि आमटी पाणचट लागली, तर लगेच मीठ वाढवू नका.

खरी गंमत गुडमार या औषधी वेलीची. काष्ठौषधीच्या दुकानात पूड मिळते, मधुनाशिनी म्हणूनही. चिमूटभर पूड जिभेवर सगळीकडे फिरवा, मिनिटभर धरा, थुंका, चूळ भरा. कडवट असते, पोरं तोंडं वाकडी करणारच. मग चमचाभर साखर द्या. नुसती वाळू! दाताखाली करकरते, गोडीचा पत्ता नाही. पेढा म्हणजे तुपकट, पिठूळ गोळा. लिंबाचं सरबत नुसतं आंबट. गोडाची वर्दी मेंदूला देणारी जी प्रथिनं जिभेवर असतात, त्यांना गुडमारमधली आम्लं चिकटून बसतात. मीठ, लिंबू यांच्या वाटा वेगळ्या, त्या चालूच राहतात. अर्ध्या-पाऊण तासात गोडी परत येते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र यात पडू नये, गुडमारने साखर उतरू शकते.

तिखट या खेळात नको. ती चव नव्हेच; साधारण ४३ अंशांच्या चटक्याला जागणाऱ्या नसाच मिरचीने चाळवतात. ठेच्याची पैज लागलीच, तर पाणी नको, दुधाचा पेला जवळ ठेवा.