गोधडी शिवताना या चुका टाळा

गोधडी शिकायला आलेली प्रत्येक जण आधी हेच विचारते, की टाका किती बारीक घालायचा. टाका हळूहळू हाताला बसतो, त्याची काळजी नको. गोधडीचं वाटोळं होतं ते त्याच्या आधी, ढिगातून कापड निवडताना आणि जमिनीवर थर अंथरताना. नेमकी तिथेच सगळ्यांना घाई असते.

जुनं आहे ना, मग चालेल

नाही चालत. आपल्या आज्यांना कापड पारखावं लागत नव्हतं, कारण घरातलं लुगडं, धोतर, मुंडासं सगळं सुतीच असायचं. आजच्या कपाटात बरेचसे कपडे पॉलिस्टरचे किंवा मिश्र धाग्याचे. सुती ठिगळांत एक पॉलिस्टरचं ठिगळ गेलं की आजूबाजूचं सुती कापड फारसं धुतलेलं नसेल तर पहिल्याच धुण्यात आकसतं, पॉलिस्टर मात्र आहे तेवढंच राहतं आणि फुगून वर येतं. शिवाय ते घाम शोषत नाही. बाळाच्या दुपट्यात तर त्याला अजिबात थारा देऊ नका.

ओळखायचं कसं? कडेचा एक धागा उपसा, चिमट्यात धरून काडी लावा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मी कपाटभर कपडे आले तरी शंका येईल त्या प्रत्येकाचा धागा जाळून बघते.

याच चुकीची दुसरी बाजू म्हणजे अस्तराला कोरा मांजरपाट लावणं. कोरं सुती कापड धुतल्यावर शंभरात तीन ते पाच भाग सहज आटतं. म्हणजे सात फुटांच्या गोधडीत तीन-चार इंच गेले. वरची लुगडी वर्षानुवर्षं धुतलेली, ती कुठे आटणार? मग वरचा थर सुरकुततो. मांजरपाट रात्रभर पाण्यात भिजवा, धुवा, उन्हात वाळवा, मगच कात्री लावा.

सगळ्यांनी मिळून, पण ज्याला जसं जमेल तसं

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण एकत्र बसून शिवणं हाच गोधडीचा खरा आनंद आहे. एका महिला मंडळाने प्रदर्शनासाठी मोठी गोधडी शिवायला घेतली होती. ठिगळांची निवड सुंदर होती, काठ-पदरांचा मेळही छान जमला होता. पण तारीख जवळ आली म्हणून थर जागेवर धरून ठेवणारे कच्चे टाके घातलेच नाहीत, नुसत्या टाचण्या लावल्या. चौघी चार बाजूंनी आत निघाल्या आणि काम लवकर उरकावं म्हणून दोघी मधून बाहेर. ज्यांचा हात घट्ट होता त्यांच्याकडचं कापड चुणलं, सैल हाताच्या बाजूने सरकलं. शेवटी मधोमध हातभर लांब चुणी उभी राहिली. ती इस्त्रीने दाबून गोधडी प्रदर्शनात टांगली. धुतल्यावर चुणी पुन्हा उभी. मला बोलावलं तेव्हा उसवण्याशिवाय मार्ग नव्हता, आणि एवढी राबून शिवलेली गोधडी उसवताना त्या बायकांचे चेहरे बघवत नव्हते.

माझी पद्धत ठरलेली आहे. थर जमिनीवर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, तळहाताने मधून कडेकडे सारखं करायचं. मग वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके, तेही मधून कडेकडे. धावदोरा मात्र कडेपासून आत, एकाच दिशेने फिरत. प्रत्येक फेरी पुरी झाल्याशिवाय कोणीही पुढची धरायची नाही. जिचा हात जलद आहे तिने थांबायचं. थांबवत नसेल तर तिने दोरे ओवून द्यावेत.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेपासून आत शिवतात. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांपैकी अनेक जण पळून त्या रानात वसले, त्यांच्या या लेकीसुना. एका कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेने फिरत, ठिगळं लावत लावत त्या मध्यापर्यंत येतात. शेवटी कोपऱ्यांवर तिकोनी घड्यांची फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. कामाला एवढा मान दिला की घाई आपोआप कमी होते.

बाकीच्या चुका

फार थर घालू नका. नऊवारी म्हणजे २७ फूट, त्यात सात फुटांचे तीन थर निघतात आणि सहा फूट ठिगळांना उरतात. वर-खाली एकेक थर आणखी धरला की पुरे. सुई दोन्ही हातांनी ओढावी लागत असेल तर थर कमी करा.

हाताने ताणल्यावर चर्रकन फाटणारं कापड वरच्या बाजूला लावू नका.

जरीचे काठ काढून टाका, अंगाला टोचतात.

लाल आणि जांभळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो ही ऐकीव गोष्ट आहे, तिच्यावर विसंबू नका.

दोरा हातभरच घ्या. लांब दोरा गुंततो, घासून झिजतो.

मशीनवर टिपा मारून वरून शोभेला हातटाके घालू नका. मशीनची टीप थर घट्ट आवळते आणि गोधडीचा मऊपणा जातो. वेळ नसेल तर लहान दुपटं शिवा.

ओली गोधडी दोरीवर टांगू नका. सगळं वजन एका ओळीतल्या टाक्यांवर येतं आणि दोरे तुटतात. खाटेवर किंवा गच्चीत पसरा आणि दुपारी एकदा उलटा.