विंडोजशेजारी लिनक्स मिंट टाकायचंय? आधी ही तयारी

लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम. ती टाकायला अर्धा तास लागतो, तयारीला अख्खा रविवार जातो, आणि ज्यांचं बिघडतं त्यांचं बहुतेक वेळा त्या रविवारचंच काहीतरी करायचं राहिलेलं असतं. मी हे विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ टाकायचं धरून लिहितोय, उबुंटू टाकणार असाल तरी जवळजवळ हेच सगळं लागतं.

पहिलं काम बॅकअप. फोटो, टॅलीचा डेटा, स्कॅन केलेले सातबारे, मुलांच्या मार्कशीट, सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, आणि ती हार्डडिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाचसहा फायली उघडून बघा. डी ड्राइव्हवर ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका, लॅपटॉपमध्ये सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, आणि हे मी हात जोडून सांगतोय. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की होम एडिशनमध्येसुद्धा डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं, तुमच्या ते लक्षातही येत नाही. नंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सिक्युअर बूटला (ओळखीची सिस्टिमच चालू होऊ देणारी सोय) हात लावला की निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते. माझ्या मावसभावाच्या लॅपटॉपवर हेच झालं, मी तिथेच बसलेलो, रिकव्हरी की ज्या अकाउंटमध्ये होती ते अकाउंट लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने काढून दिलेलं, ईमेल कुठला आणि पासवर्ड काय ते घरात कोणालाच माहीत नाही, दुकानातही कोणाला आठवेना, आणि पुतणीचे बारशापासूनचे फोटो त्यात होते ते गेले ते गेलेच. म्हणून आधी आपलं अकाउंट खरंच आपलं आहे का ते बघा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर त्या अकाउंटने लॉगिन करा, डिव्हाइसच्या माहितीत रिकव्हरी की दिसते, ती कागदावर उतरवून घ्या. मग सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा, डिस्क मोठी आणि भरलेली असेल तर त्याला काही तास लागू शकतात, चार्जर लावून ठेवून द्या आणि मधे बंद करू नका.

त्यानंतर फास्ट स्टार्टअप बंद. ते चालू असलं की शटडाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग मिंटमधून विंडोजचा ड्राइव्ह उघडला तर फक्त वाचता येतो, काही सेव्ह होत नाही. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ती टिक आहे. मी तर हायबरनेशनच (चालू काम डिस्कवर उतरवून झोपायची विंडोजची सोय) बंद करतो, म्हणजे फास्ट स्टार्टअपही जातं आणि कित्येक जीबीची ती फाइलही जाते, जिचा पुढच्या कामात अडथळा होतो.

पुढचं काम म्हणजे जागा काढणं. मिंटला किमान २० जीबी लागतात पण मिंटवाले स्वतः १०० जीबी सुचवतात, आणि रोज वापरणार असाल तर १०० च द्या, ४० देऊन वर्षभराने रडत बसलेले बघितलेत. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह श्रिंक करा, विंडोजचं पार्टिशन विंडोजनेच लहान करावं हे माझं ठाम मत. कधी कधी २०० जीबी मोकळे असून ते १० च काढू देतं, कारण हलवता न येणाऱ्या फायली मधेच बसलेल्या असतात, तेव्हा पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरतं बंद करून रिस्टार्ट करून परत बघा. निघालेली जागा तशीच रिकामी सोडा, फॉरमॅट करू नका.

मिंट टाकायला पेनड्राइव्ह लागतो, ८ जीबीचा पुरतो, त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी फाइल, मिंटच्या साइटवरूनच घ्या, साधारण ३ जीबीची आहे, आणि चेकसम (फाइल नीट उतरली का ते कळणारा साइटवरचा आकडा) जुळवून बघा. दोन वर्षांपूर्वीची कोणीतरी दिलेली आयएसओ वापरू नका, ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या कितीतरी मशीनवर जुनी लिनक्स बूटच होईनात. पेनड्राइव्ह रुफस या विंडोजमधल्या प्रोग्रॅमने बनवा, त्यात जीपीटी आणि यूईएफआय (नव्या मशीनची डिस्कची आणि बूट व्हायची पद्धत) निवडून. त्याआधी सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड यूईएफआयच आहे ना ते बघून घ्या, विंडोज ११ कंपनीकडूनच आलं असेल तर असतोच.

आता पेनड्राइव्हवरून बूट करा, लॅपटॉप चालू करतानाच दाबायचं बटण डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, पण लगेच इन्स्टॉल दाबू नका. तासभर लाइव्हच, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच वापरा, वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, सगळं तपासा. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने लावून यूएसबी टेदरिंग करा, नेट मिळतं. आणि एसएसडीच दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेलचं व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क हाताळायच्या सेटिंग) बहुधा चालू असणार, ते घाईने बदललंत तर विंडोज चालू होणार नाही, आधी विंडोज सेफ मोडमध्ये उठेल असं सेट करून मगच बदलायचं.

इन्स्टॉलच्या दिवशी बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच, लोडशेडिंगच्या वेळा बघून बसा. आधीचं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा छोटा तुकडा, विंडोज चालू करणाऱ्या फायली त्यात असतात) तेच वापरायचं, ते फॉरमॅट करायची टिक चुकूनही लावू नका. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असून सिक्युअर बूट चालू ठेवणार असाल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, तो लिहून ठेवा, रिस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर लगेच विचारतात आणि ती स्क्रीन काही सेकंदच थांबते.

श्रीलिपीत डीटीपीचं काम करत असाल तर ते विंडोजमध्येच राहणार, त्या हिशोबाने विंडोजकडेही पुरेशी जागा ठेवा. आणि परत विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका, विंडोज मदरबोर्डवरची वेळ भारतीय धरतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरतं म्हणून तसं होतं, मिंटला लोकल वेळ वापरायला सांगितली की दोघांचं जुळतं.